खोटेपणाचा दाखला

जिजाबाई : आन तू बांधू देला त्याले?

काजल : ओढणीवरूनच बांधला, माय. छातीवरून एक रबराचा नळा, पोटावरून एक. दंडाले पट्टा, डॉक्टर बीपी पाह्यतो तसा. आन दोन बोटांले चिमटे.

जिजाबाई : खोलीत एकही बाई नव्हती?

काजल : मी इचारलं ना. तो मशीनवाला म्हणे, मॅडम सुट्टीवर आहेत, तुम्हाला नको असेल तर पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात जागा राह्यली असती काय? नागपूरले दीडशे पोरी अर्ज घेऊन उभ्या होत्या.

जिजाबाई : आठ दिवस झाले वं तुले येऊन. आठ दिवसांत हे तोंडातून नाई काढलं. मी आपली बायाईले सांगत सुटली, पोरीचं इंग्रजी कच्चं पडलं म्हून.

काजल : इंग्रजीत पास होती. गणितात पास होती. तोंडी परीक्षेत तं त्याहीनं हासून शाबासकी देली. शेवटी ही मशीन. बँकेच्या एटीएममध्ये नोटा भरणारी कंपनी हाय, माय. हात साफ असल्याबिगर घेत नाई. म्हणून खोटं पकडाची मशीन लावते.

जिजाबाई : आन मशीननं माही पोरगी पकडली.

काजल : हो.

जिजाबाई : कायच्यात पकडली थे तं सांग.

काजल : 'याआधी जिथं काम केलं तिथून कधी काही चोरलं का?' मी म्हटलं, नाई. हाच सवाल फिरवून फिरवून चार वेळा इचारला. चारी वेळा नाईच म्हटलं. मंग त्यानं कॉम्प्युटरवर रेघा दाखवल्या. चारी ठिकाणी अशा उडाल्या होत्या का मलेच भेव वाटलं.

जिजाबाई : उडाल्या कायले? भैय्याजीच्या फोनच्या बूथवर तू तीन वर्सं बसली. एका कॉलचा रुपया इकडचा तिकडं नाई केला.

काजल : नाई केला म्हणूनच तं. आजपर्यंत कोणी मले असं इचारलंच नव्हतं. तोंडावर चोरी म्हटलं का हात गार पडतात माहे. वरून तो मांगून म्हणे, श्वास रोखू नका, नॅचरल बसा. त्यानं असं म्हटलं का श्वास आनखीनच अटकते.

जिजाबाई : परक्या मानसानं छातीले नळा बांधला तं कोनती पोरगी सरळ श्वास घेईन? त्याच्या बहिनीले बांधून पाह्य म्हना.

काजल : तेवढी हिंमत नाई झाली.

जिजाबाई : तुहं पहिलेपासून तसंच हाय. चौथीत कोन्या पोट्ट्यानं शाळेची घंटा लपवली. गुरुजीनं नुसती वर्गावर नजर फिरवली, आन रडाले लागली कोन तं तू. गुरुजीनं तुलेच धरलं. तुह्या बाबानं जंगलातलं काम सोडून शाळेत जाऊन सांगतलं, का माही पोरगी भेकड हाय, पन खोटी नाई.

काजल : आठवते मले.

जिजाबाई : आन भैय्याजी आज काय म्हने, मालूम हाय? मी त्याच्या दुकानात मीठ आनाले गेल्ती. म्हने, वहिनी, काजलले दोन-चार दिवस आराम करू द्या. मी म्हनलं, काऊन जी? तं म्हने, कंपनीवाल्याचा फोन आल्ता चौकशीचा. आपल्याले काही संशय नाई, पन खाई त्याले खवखवे म्हंतात.

काजल : असं म्हणाले भैय्याजी?

जिजाबाई : हासत हासत म्हने. मले तं मिठाचा पुडा त्याच्याच तोंडावर मारावा वाटला.

काजल : तीन वर्सं त्यांच्या बूथची चाबी माह्या उशाखाली होती, माय. त्यांची स्वतःची पोरं मांगाले येत तं भैय्याजी म्हणत, काजलजवळच राहू दे.

जिजाबाई : तुह्यासंग थे सिंदी गावची पोरगी होती ना, रेल्वेजवळ राह्यते थे. तिचं काय झालं?

काजल : अंजू? अंजू पास झाली.

जिजाबाई : थे काऊन नाई घाबरली?

काजल : तीही घाबरली. पन तिचं घाबरणं बरोबर जागी झालं.

जिजाबाई : म्हंजे?

काजल : ते लोक दोन तऱ्हेचे सवाल इचारतात. एक बारीक. लहानपणी कधी काही उचललं का, घरच्याईले खोटं सांगतलं का. दुसरा मोठा, चोरीचा. त्यांचा हिशोब असा का बारीक सवालाले सगळेच लाजून नाई म्हणतात, आन सगळ्याईची रेघ उडते. मोठ्या सवालाले त्याच्याहून कमी उडाली तं माणूस साफ. अंजू म्हणे, मी आयुष्यात कोणाची पेन्सिल नाई उचलली. धडधडीत खोटं. तिथं तिची रेघ आभाळात गेली. चोरीच्या सवालाले कमी उडाली. झाली पास.

जिजाबाई : आन तुही?

काजल : मी आधीच सगळं सांगून टाकलं होतं. शाळेतले खडू, नानाजीच्या वावरातली संत्री, तुह्या डब्यातला गूळ. सांगून टाकलं तं बारीक सवालाले घाबराचं कायले? तिथं माही रेघ निजून राह्यली. मोठ्याले उडाली. मी त्याले म्हटलं, साहेब, मी खरं सांगतलं म्हणून नापास करता काय? तं म्हणे, मी नाही करत, मशीन करते.

जिजाबाई : वा रे न्याव. चोर सोडून संन्याशाले सुळी.

काजल : बाबा कधी येतीन?

जिजाबाई : येतीन. तू हे सांग, सगळं सांगून टाकलं म्हंतेस. सगळं म्हंजे काय काय?

काजल : सांगतलं ना. खडू, संत्री...

जिजाबाई : आन?

काजल : मशीन लावाच्या आधी तो एक तास नुसत्या गोष्टी करते, माय. लय गोड बोलते. चहा मागवला त्यानं. म्हणे, मनावर जे ओझं असेल ते बोलून टाका, म्हणजे मशीनवर त्रास होणार नाही. या चार भिंतींच्या बाहेर काही जात नाही. मी माह्याजवळचं सगळं सांगतलं. तो लिहीतच होता. म्हणे, घरात कोणी? एखादी सरकारी वस्तू वगैरे? सगळ्यांच्याच घरी असतं, लाजू नका.

जिजाबाई : काजल.

काजल : मी दाराचं सांगतलं.

जिजाबाई : कोनत्या दाराचं?

काजल : आपल्या घराले एकच दार हाय, माय.

जिजाबाई : साग?

काजल : हो. सत्त्याण्णव साली वादळात पडला होता तो. बाबानं जंगलच्या डेहनकर साहेबाले इचारूनच आणला, हेही सांगतलं. दोनदा सांगतलं. ते त्यानं लिहिलं नाई.

जिजाबाई : तुही जीभ काऊन नाई झडली वं?

काजल : माय...

जिजाबाई : नाई, बोलू नको. सतरा वर्सं तुहा बाप जंगल खात्यात रोजंदारीवर हाय. उन्हाळ्यात वणवा इझव, पावसात रोपं लाव, कोठी वाघानं बैल मारला तं रातभर मचानावर बस. सतरा वर्सं साहेब म्हंतात, पुढच्या यादीत घेऊ. आता कुठं कायम करायची यादी निघून राह्यली. पंचावन्नच्या आत नाव लागलं तं लागलं, नाई तं मेल्यावर पेन्शन नाई का काई नाई. चौपन्न वर्साचा हाय तो. आन त्याची पोरगी नागपूरले जाऊन, चहा पीत, बापानं सरकारी साग नेला म्हून सांगून येते.

काजल : बाहेर नाई जात म्हणाला होता तो.

जिजाबाई : आन गेलं?

काजल : गेलं.

जिजाबाई : कोठी गेलं?

काजल : अर्जावर दोन ओळखीच्या माणसांचे नावं लिहा लागतात. एक भैय्याजीचं लिहिलं. दुसरं डेहनकर साहेबाचं.

जिजाबाई : जंगलच्या साहेबाचं?

काजल : चारित्र्याचा दाखला त्यांनीच तं देला होता. आपल्या गावात शिक्का असलेला दुसरा मोठा माणूस कोण हाय, माय? सगळी पोरं त्यांचंच नाव लिहतात. कंपनीनं त्यांनाच पत्र टाकलं, का तुमच्या मजुराच्या मुलीनं असं असं सांगितलं आहे, खरं की खोटं कळवा.

जिजाबाई : तुले कोनं सांगतलं हे?

काजल : साहेबाच्या ऑफिसातला श्रावणभाऊ परवा बूथवर आला होता फोन लावाले. म्हणे, पत्राले आवक नंबर पडला. नंबर पडला का कागद फाडता येत नाई, उत्तर द्याच लागते.

जिजाबाई : परवा कळलं तुले. तुह्या बाबाले सांगतलं?

काजल : दोनदा त्यांच्याजवळ जाऊन बसली. ते यादीचंच बोलून राह्यले होते. नाई झालं माह्यानं.

जिजाबाई : म्हून तो मानूस आज हासत गेला. साहेबानं बलावलं म्हंजे नाव लागलं असन, असं म्हने. दिवाळीचा शर्ट घालून गेला वं. मीच इस्त्री करून आनली भैय्याजीच्या शेजारून. दोघी मायलेकी दारात उभ्या होतो आपन, आन तुले सारं मालूम होतं.

काजल : हो.

जिजाबाई : त्या नागपूरच्या मानसाले सांगाले तोंड होतं तुले. बापाले सांगाले नव्हतं.

काजल : आले बाबा. फाटक वाजलं.

(लहानू येतात. नव्या शर्टाची वरची गुंडी उघडी आहे. जिजाबाई पाण्याचा गडवा देतात. ते उभ्यानेच सगळं पाणी पितात.)

लहानू : घाबरू नका. मिटलं.

जिजाबाई : काय मिटलं?

लहानू : सारंच. यादीत नाव हाय. चौथ्या नंबरवर. साहेबानं बोट ठेवून दाखवलं. या महिन्यात यादी वर जाते.

जिजाबाई : बसा आधी. अंगात जीव नाई दिसून राह्यला तुमच्या.

लहानू : खुर्ची देली आज साहेबानं बसाले. सतरा वर्सांत पयल्यांदा. चहाबी पाजला. तवाच मले वाटलं काईतरी हाय.

काजल : बाबा, ते पत्र माह्यामुळं आलं. मले परवाच कळलं होतं. तुमाले सांगाले पाह्यजे होतं मी.

लहानू : सांगतलं असतं तं बरं झालं असतं. ऑफिसातला बाबू पत्र वाचून राह्यला होता, आन मी आपला आयकून राह्यलो होतो. मले वाटलं दुसऱ्या कोन्या लहानूचं असन. या खात्यात तीन लहानू हायेत. मंग तुहं नाव आलं.

काजल : चुकली मी.

लहानू : जाऊ दे आता.

जिजाबाई : जाऊ दे काय? आन साहेब काय म्हने? त्यानंच तं म्हनलं होतं, ने लहानू, पडलेलाच हाय.

लहानू : साहेब म्हने, मले आठवत नाई.

जिजाबाई : आठवत नाई? दार बसवलं त्या दिवशी ह्याच अंगनात बसून कोंबडी खाल्ली त्यानं. दोनदा रस्सा घेतला.

लहानू : मी आठवन देली. कोंबडीचीबी देली. साहेब खिडकीकडं पाह्यत राह्यले. मंग म्हने, लहानू, परवानगी तोंडी होती का लेखी? मी म्हनलं, तोंडी. म्हने, मंग नव्हती.

काजल : आन त्यांना कोणी वायरी नाई लावल्या.

लहानू : तसं बोलू नाई. त्याहीलेबी दोन वर्सं राह्यले रिटायरले. त्याहीनं तोंडी परवानगी देली म्हून लिवलं तं त्याहीचं पेन्शन अडकते.

काजल : मंग मिटलं कसं, बाबा?

लहानू : जिजा, जेवाले वाढ.

काजल : साहेब म्हणते परवानगी नव्हती. लाकूड तं दाराले लागून हाय. कागदाले नंबर पडलेला हाय. मंग मिटलं कसं?

लहानू : बयान लिहून देलं.

काजल : काय लिहून देलं?

लहानू : बाबूनं लिवलं. मी सही केली.

काजल : काय लिहिलं बाबूनं?

लहानू : का दाराचं लाकूड सिंदीच्या बाजारातून इकत आनलं. पावती हरपली.

जिजाबाई : बरं केलं. देवानं... जाऊ दे, कोनं का होईना, बुद्धी देली. वाढते मी.

काजल : थांब, माय. एवढंच नसन. मी तं तिथं जंगलातून आणलं म्हणून सांगतलं. पोरगी असं काऊन बोलली, हे कंपनी इचारनच ना. त्याचं काय लिहिलं, बाबा?

लहानू : खिशात झेरॉक्स हाय.

काजल : द्या.

लहानू : जेवल्यावर वाच.

काजल : द्या ना, बाबा. 'मी, लिहून देणार लहानू सोमाजी, बारमाही मजूर, वय चौपन्न वर्षे, लिहून देतो की...' लाकडाचं हाय हे. सिंदीचा बाजार. पावती. 'माझी मुलगी कुमारी काजल हिला लहानपणापासून खोटे बोलण्याची सवय आहे.'

जिजाबाई : काय?

काजल : 'सदर सवयीबद्दल तिला घरी वारंवार समज देण्यात आलेली आहे. तिने कंपनीसमोर सांगितलेली हकिकत पूर्णपणे खोटी असून मनाने रचलेली आहे. सदर मुलगी यंत्राच्या चाचणीतही खोटी ठरलेली आहे. करिता तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यात येऊ नये. हे बयान मी राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे.' खाली तुमची सही.

जिजाबाई : हे तुमाले वाचून दाखवलं होतं?

लहानू : हो.

जिजाबाई : पुरं?

लहानू : पुरं.

जिजाबाई : मी चिडली तं मीबी बोलली तिले, आताच बोलली. जीभ झडो म्हनलं. पन मायनं बोलणं येगळं. तुमी कागदावर लिवून आले.

लहानू : नापास तं थे आधीच होती, जिजा. कंपनीच्याच कागदावर लिवलं हाय, का पोरगी खोटं बोलते. साहेब म्हने, जे त्याहीनं लिवलं थेच आपन लिवाचं, त्याच्यात नवं काय हाय? मलेबी तसंच वाटलं.

काजल : त्या माणसानं मशीन पाहून लिहिलं. तुमी काय पाहून लिहिलं?

लहानू : यादी पाहून.

जिजाबाई : हा कागद बाहेर गेला तं? उद्या पोरीचं लग्न काढा लागन आपल्याले.

लहानू : नाई जात बाहेर. साहेबानं शब्द देला हाय. फाइलीत राह्यते.

काजल : चार भिंतींच्या आत.

लहानू : हो. ऑफिसातच.

काजल : आन माहा चारित्र्याचा दाखला?

लहानू : थो वापस मांगतला साहेबानं. एका हातानं दाखला आन दुसऱ्या हातानं असं बयान, दोन्ही फाइलीत बसत नाई म्हने.

काजल : दाखल्याबिगर अंगणवाडीतही कोणी उभं करत नाई, बाबा.

लहानू : होते थंड दोन वर्सांत. तवा दुसऱ्या कोन्या साहेबाचा घेऊ.

काजल : तुमाले एक गोष्ट सांगू? मशीनवर त्यानं दाराचंही इचारलं होतं. 'तुमच्या वडिलांनी लाकूड साहेबांना विचारून आणलं का?' मी म्हटलं, हो. तिथं माही रेघ नाई हलली. जराशीही नाई. पेन्सिल ठेवून म्हणे, हे मात्र तुम्ही खरं बोललात. माह्या मोठ्या सवालाईत तेवढंच एक खरं निघालं होतं. तुमी तेच खोटं केलं.

लहानू : मले हे मालूम नव्हतं.

काजल : मशीन लागत होती काय तुमाले? चौथीत घंटा हरपली तवा कोणती मशीन होती? शाळेच्या ओट्यावर उभं राहून बोलले होते ना तुमी?

लहानू : बोललो होतो.

काजल : दर पुनवेले विहारात मले पुढं उभं करत होते. बाकी शीलं हळू म्हटली तं चालते, चौथं, खोटं न बोलाचं, मोठ्यानं म्हन, म्हणत होते. सगळ्या बाया हासत होत्या मले. त्याच शीलापायी मी त्या माणसाले गूळसुद्धा सांगतला, बाबा. गूळ.

लहानू : तुहं बरोबर हाय. पन माहं आयक. सतरा वर्सांत हजेरीच्या कागदावर मी एक दिवस खोटा नाई लिवू देला. बारा दिवस काम केलं तं बाराच सांगतले. माह्या मांगून चार जन आले. कोनी साहेबाच्या घरी लाकडं टाकली, कोनी न केलेले दिवस लिवून अर्धे साहेबाले देले. चारी कायम झाले. मी खुर्चीवर बसलो होतो ना आज, तं समोर दोन कागद होते. एक यादी, एक कंपनीचं पत्र. साहेब म्हने, दोन्हीतला एकच वर जाईन. मी लय येळ बसलो, पोरी. चहा निवून गेला.

काजल : आन मंग?

लहानू : मंग मले वाटलं, तू जवान हाय. तुले अजून कितीतरी जागा निघतीन. मले आता निघत नाई.

जिजाबाई : आपलेच दात आन आपलेच ओठ. कोनाले बोलावं मानसानं.

लहानू : अजून एक हाय.

जिजाबाई : आता काय राह्यलं?

लहानू : तिलेबी बलावलं. उद्या अकराले. बयानाखाली पोरीची एक ओळ लागते, का मी खोटं सांगितलं होतं, मान्य आहे. तेवढी आली का कागद बंद होते.

जिजाबाई : आन नाई गेली तं?

लहानू : तं चौकशी लागते. मंग यादी माह्याबिगर जाते.

जिजाबाई : मले इचारू नका. जाय म्हनलं तं पोरगी मरते, नको म्हनलं तं तुमी. मले काईच इचारू नका दोघं.

काजल : कोणी नाई इचारून राह्यलं, माय. जाईन मी.

लहानू : घाबरजो नको तिथं. साहेब काई लांबन लावत नाई. नुसतं हो म्हनाचं आन सही कराची.

काजल : नाई घाबरत. पन याच्यानंतर मले घरात कोणी खरं बोल म्हणून सांगू नका. विहारातही पुढं उभं करू नका.

लहानू : राग हाय ना, बोलून घे. मार खाल्ल्यावानी बसू नको. बोल माह्यावर.

काजल : बोलाचं काही नाई. एकच इचाराचं हाय. इथं, घरात. आपल्या तिघांत.

लहानू : इचार.

काजल : सही करताना तुमचा हात कापला का?

लहानू : कायले इचारतेस थे?

काजल : खरं बोलताना माहा श्वास अटकला होता, बाबा. आठ दिवसांपासून मी त्याच्यातच हाय. झोप लागत नाई, का माह्यातच काही खोट हाय काय म्हणून. तुमचं काय झालं, तेवढंच सांगा. हात कापला? घाम आला?

लहानू : नाई.

काजल : थोडासाही?

लहानू : नाई, पोरी. सरळ झाली सही. साहेब म्हनलेबी, लहानू, अक्षर सुधारलं तुहं.

काजल : खरं सांगता?

लहानू : तुह्यापाशी मी खोटं कायले बोलू?